१८७५, सुप्याचा बाजार : तुम्ही काय निवडले असते?

१/
तेहरान, ८ सप्टेंबर १९७८. पहाटेच लष्करी कायदा पुकारला गेला आहे, तरीही जालेह चौकात हजारो माणसे जमली आहेत. समोर सैनिक उभे आहेत आणि तुमच्या गळ्यात कॅमेरा आहे. पुढे सरकायचे की मागे वळायचे? निर्णयाला काही क्षणच आहेत. हा एका व्हिडिओ गेममधला प्रसंग. आजचा धागा या गेमपासून सुरू होऊन आपल्या भीमाकाठी पोहोचतो.

२/
गेमचे नाव '१९७९ रेव्होल्यूशन : ब्लॅक फ्रायडे'. तो २०१६ मध्ये 'इंक स्टोरीज' या न्यूयॉर्कच्या स्टुडिओने प्रसिद्ध केला. दिग्दर्शक नाविद खोन्सारी यांनी इराणी क्रांतीचा काळ बालपणी तेहरानमध्ये अनुभवला होता. त्याआधी ते 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेवर काम करत होते. इराणमध्ये या गेमवर बंदी आली.

३/
नायक रेझा शिराझी हा तरुण छायाचित्रकार. मित्र बाबाक अहिंसेच्या बाजूचा, चुलतभाऊ अली सशस्त्र लढ्याच्या बाजूचा आणि सख्खा भाऊ हुसेन शाहाच्या राजवटीचा चाकर. प्रत्येक वळणावर खेळाडूला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, निदान कुणाला तरी दुखवावे लागते. शाहाची सत्ता मात्र खेळाडूने काहीही केले तरी कोसळतेच.

४/
इथे एक रास्त आक्षेप निघतो. शेवट ठरलेलाच असेल, तर निवडीला अर्थ काय? इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हाच प्रश्न छळतो. 'असंतोष साचला, म्हणून उठाव झाला' असे वाक्य आपण सहज लिहून जातो. त्या वाक्यात कारणे असतात, परिणाम असतात. पण त्या सकाळी घराबाहेर पाऊल टाकणारा माणूस नसतो.

५/
आता नकाशा उघडूया. पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यात यवत आहे. उत्तरेला भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो आणि त्यात करडे हे गाव. यवतच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १८७५ चे 'दख्खनचे दंगे' या दोन गावांशिवाय सांगताच येत नाहीत.

६/
समजा, या उठावावर निवडीचा गेम करायचा आहे. नायक म्हणून यवतचा एक कल्पित तरुण कुणबी घेऊ. त्याला नाव देण्याची गरज नाही. त्याच्या घरी बारा-पंधरा एकर कोरडवाहू जमीन, बैलजोडी आणि सावकाराच्या पेटीत ठेवलेला एक कर्जरोखा आहे. बाकी सारे प्रसंग कागदोपत्री नोंदलेलेच घेऊ.

७/
पहिला टप्पा : कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तोवर ब्रिटनच्या कच्च्या कापसाच्या आयातीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो थांबला आणि १८६२ पर्यंत ब्रिटनच्या कापूस-आयातीत हिंदुस्थानचा वाटा झपाट्याने वाढला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरी सावकारांना आगाऊ पैसा दिला, त्यांनी तो खेड्यातल्या सावकारांना दिला आणि शेतकऱ्याला कर्ज मागताच मिळू लागले.

८/
निवड : कर्ज घ्यायचे का? आज आपण 'नको' म्हणू, कारण १८६५ मध्ये युद्ध संपले हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या कुणब्याला ते ठाऊक नाही. त्याला दिसते ती चढती किंमत आणि हात मोकळा सोडलेला सावकार. पुढे काय होणार याचे अज्ञान ही भूतकाळातल्या प्रत्येक माणसाची अवस्था असते. इतिहास लिहिताना आपण नेमके तेच विसरतो.

९/
दुसरा टप्पा : आटलेली पत. युद्ध संपले, कापसाची मागणी घसरली, सावकाराने हात आखडला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्याच सुमारास तीस वर्षांची जमाबंदीची मुदत संपून फेरआकारणी झाली. काही ठिकाणी सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. सारा रोखीत आणि ठरल्या हप्त्यालाच भरायचा, पाऊस पडो वा न पडो. म्हणजे त्याच सावकाराच्या दारी पुन्हा जाणे आले.

१०/
तिसरा टप्पा या गेमचा गाभा आहे : कागद. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा हेतू. व्यवहारात उलटे घडले. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुदलात मिळे आणि त्या वाढलेल्या मुदलावर पुन्हा व्याज चढे. चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात १०० रुपयांच्या कर्जावर व्याजच २,००० रुपयांच्या वर आकारलेले आढळले.

११/
निवड : अंगठा उठवायचा का? नाही म्हटले, तर बियाणे नाही आणि साऱ्याला पैसा नाही. हो म्हटले, तर वाचता न येणाऱ्या कागदावर आपले नाव. काहींनी गाडी-बैल सावकाराच्या नावे लिहून दिले आणि तेच गाडी-बैल भाड्याने घेऊन स्वतःची शेती केली. त्यासाठी भाडेखत वेगळे. खेळाडूला पर्याय दोन दिसतात, पण दोन्ही वाटा एकाच पेटीकडे जातात.

१२/
तरीही लोक थेट दंग्यावर आले नाहीत, हे लक्षात घ्या. शेजारच्या नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या शेतकऱ्यांनी कलेक्टरकडे अर्ज केला. तक्रार अशी की उधारीवर घेतलेल्या धान्याकपड्याला रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा २५ ते ५० टक्के जादा दर लागतो, शेतातला माल सावकार घेऊन जातो आणि त्याची पावती देत नाही. अर्ज ही पहिली निवड होती.

१३/
दुसरी निवड करड्याने केली. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचे घर पाडले. गावाने काठी उचलली नाही. गावाने सावकाराला वाळीत टाकले. त्याच्या शेतावर मजूर जाईना, दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, बलुतेदारांनी काम थांबवले. हे लोण आसपासच्या गावांत पसरले आणि कित्येक सावकार पोलिसांच्या आश्रयाला तालुक्याच्या ठिकाणी गेले.

१४/
बहिष्कार वरवर सौम्य वाटतो. पण गेममधला सर्वांत अवघड निर्णय इथेच ठेवावा लागेल. समजा, आपण नायक बदलला आणि तो करड्याचा न्हावी झाला. त्याचे पोट गावावरही आहे आणि सावकारावरही. गावाची आज्ञा मोडली तर बलुते बंद, पाळली तर एक घर कायमचे तुटले. एकजुटीची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. 'गाव एक झाले' या वाक्याखाली असे अनेक हिशेब दडलेले असतात.

१५/
चौथा टप्पा : १२ मे १८७५, सुपे. बाजाराचा दिवस, भोवतालच्या गावांतले शेतकरी जमलेले. जमाव दुकानांवर चालून गेला. मागणी एकच : वह्या आणि रोखे बाहेर काढा. १६ मे रोजी पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने कळवलेला तपशील असा : एक घर पेटवले, डझनभर घरे फोडून रिकामी केली, हिशेबाचे कागद, रोखे, धान्य, कापड रस्त्यात जाळले. राखेचे ढीग त्याला प्रत्यक्ष दिसले. पोलिसांनी ५० जणांना पकडले.

१६/
नुकसान किती? सरकारी अंदाज २५,००० रुपयांहून थोडा अधिक. सावकारांचा दावा एक लाखाहून अधिक. जालेह चौकातल्या मृतांबाबत असेच झाले. सुरुवातीला हजारोंचे दावे झाले, नंतरच्या मोजणीत आकडा शंभराच्या आत आला. उठावाच्या दिवशी प्रत्येक आकडा कुणाच्या तरी बाजूने उभा असतो. आकडा वाचताना तो कुणी आणि कुणासमोर सांगितला, हे आधी पाहावे.

१७/
आता मूळ मुद्दा. पुढच्या आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत असे प्रकार झाले. त्यांचा नमुना मात्र विलक्षण सारखा आहे. आधी कागद मागायचे. मिळाले, तर ते जाळून निघून जायचे. मारहाण प्रामुख्याने तिथे झाली, जिथे कागद देण्यास नकार मिळाला. सावकाराच्या जिवापेक्षा त्याची पेटी हे लक्ष्य होते.

१८/
पिढ्यान्‌पिढ्या आपण या शेतकऱ्याला 'भोळा' आणि 'भडकलेला' ही दोन विशेषणे लावली आहेत. दोन्ही चुकीची ठरतात. कोर्टात माणसाची साक्ष हरते आणि कागद जिंकतो, हे त्याला अनुभवाने कळले होते. वाचता येत नसलेला कागद आपल्या आयुष्यात काय करतो, हे त्याने अचूक वाचले होते. म्हणून त्याने कागद जाळला. कायद्याच्या यंत्रणेचा नेमका कोणता भाग निकामी करायचा, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

१९/
पण चांगला गेम नायकाला निर्दोष ठेवत नाही. जमावाचा रोख मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. त्याच गावांतल्या ब्राह्मण सावकारांना तुलनेने कमी झळ लागली. अन्याय कर्जाच्या व्यवहारात होता, राग मात्र परकेपणाच्या खुणेवर अधिक सहज उतरला. यवतच्या आपल्या तरुणापुढे हीसुद्धा एक निवड आहे : ज्याचा रोखा आपल्या गळ्यात नाही, त्याच्या दारावरही सर्वांबरोबर धडकायचे का?

२०/
पाचवा टप्पा : चौकशी. पोलीस चौक्या बसल्या, सैन्य आले. सुमारे हजारभर लोकांना अटक झाली आणि निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाली. १८५७ ची आठवण ताजी असल्याने हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारवर दबाव आणून आयोग नेमायला लावला. आयोगाने रयत, सावकार आणि प्रत्यक्षदर्शींचे जबाब घेतले. सारा, भाव आणि व्याज यांचे तक्ते मांडले. १८७८ मध्ये त्याचा अहवाल ब्रिटिश संसदेपुढे गेला.

२१/
इथे तेहरानचा गेम पुन्हा आठवतो. रेझाची संपूर्ण कथा एव्हिन तुरुंगातल्या चौकशीच्या खोलीत उलगडते. तिथला अधिकारी असदोल्ला लाजेवर्दी या खऱ्या तुरुंगप्रमुखावर बेतलेला आहे. रेझा जे सांगतो ते त्याच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगतो. काय बोलायचे, कुणाचे नाव लपवायचे, हेही खेळाडूच ठरवतो.

२२/
दख्खनच्या रयतेचा आवाजही आपल्यापर्यंत असाच पोहोचला आहे. आयोगापुढे बसलेल्या शेतकऱ्याने काय सांगावे? 'सारा जास्त आहे' म्हणावे, तर समोर सारा घेणारेच सरकार. 'सावकार नाडतो' म्हणणे तुलनेने निर्धोक. अहवालाचा निष्कर्षही तोच निघाला : दोष सावकाराचा, साऱ्याचा नव्हे. ते जबाब खोटे होते, असा याचा अर्थ नाही. प्रश्न कुणी विचारला, यावरून उत्तराची दिशा ठरते, एवढेच.

२३/
उठावाचे फलित? १८७९ चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत कोर्टाला रोख्यामागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासता येऊ लागला. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे थांबले. दस्त नोंदवण्यासाठी गावपातळीवर व्यवस्था आली. सुप्याच्या जमावाने ज्या कागदाला आग लावली, त्याच कागदाच्या निरपवाद अधिकाराला कायद्याने चार वर्षांनी मुरड घातली. सारा मात्र राहिला आणि सावकारीही संपली नाही.

२४/
अभ्यासकांतही मतभेद आहेत. रविंदर कुमार यांनी या घटनांत ग्रामीण समाजातल्या खोल बदलांची खूण पाहिली. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या लेखात या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेल्याचा युक्तिवाद केला : गावे थोडी, काळ थोडा. मला वाटते, गावांची संख्या कमी धरली तरी प्रश्न उरतोच. इतक्या वेगवेगळ्या गावांतल्या लोकांनी नेमका कागदच का निवडला?

२५/
निवडीच्या गेमवरचा आक्षेप आता पुन्हा पाहू. १८७५ मध्ये साम्राज्य हटणार नव्हते; आपल्या खेळाडूने काहीही केले तरी हटले नसते. पण अर्ज, बहिष्कार, रोखा जाळणे आणि जबाब या चारही पायऱ्यांवर माणसे थांबली, त्यांनी विचार केला आणि पाऊल टाकले. शेवट त्यांच्या हाती नव्हता, तिथवर कसे जायचे हे बऱ्याच अंशी होते. त्यांच्यापुढच्या वाटा किती अरुंद होत्या हे मोजणे आणि त्यातूनही त्यांनी कोणती वाट धरली हे नोंदवणे, ही दोन्ही कामे इतिहासाची.

२६/
पुढच्या वेळी 'असंतोषाचा उद्रेक झाला' असे वाक्य वाचाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि तीन प्रश्न विचारा. त्या माणसांपुढे कोणते पर्याय होते? त्यातला प्रत्येक पर्याय कुणाला किती महाग पडणार होता? आणि ही हकीकत त्यांनी कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितली? आपल्या तालुक्यातल्या एखाद्या घटनेला हे प्रश्न लावून पाहा आणि काय हाती लागले ते खाली जरूर लिहा.

धागा समाप्त.