अनेकार्थता आणि कोशव्यवहार : ‘सेट’ या क्रियापदाचा इतिहास

एखाद्या शब्दाला किती अर्थ असतात, हा प्रश्न वरवर पाहता मोजणीचा वाटतो. वस्तुतः तो सिद्धान्ताचा आहे. ‘सेट’ या नित्य वापरातील इंग्रजी क्रियापदाची कोशांतील वाटचाल या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

‘सेट’ हे मुळात ‘सिट’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. संस्कृतातील ‘सद्’ हा धातू आणि त्याचे ‘सादयति’ हे प्रयोजक रूप यांच्याशी त्याचे सगोत्र नाते आहे. आरंभीचा संबंध असा सरळ होता : बसणे आणि बसविणे. पुढे निखळलेले हाड, कोंदणातील खडा, सापळा, घड्याळ, गीताची चाल, प्रश्नपत्रिका अशा परस्परांपासून दूरच्या विषयांना हे एकच क्रियापद पुरू लागले. सूर्याच्या मावळण्यापर्यंत त्याची व्याप्ती गेली.

सॅम्युएल जॉन्सन याने आपल्या 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत ‘सेट’, ‘पुट’, ‘रन’, ‘टेक’ इत्यादी क्रियापदांपुढे आपली मात्रा चालत नसल्याची कबुली दिली आहे. भाषा जिवंत असेपर्यंत अशा शब्दांचे संबंध बदलतच राहणार, ही त्याची भूमिका होती. तरीही एकट्या ‘टेक’चे 134 अर्थ त्याने नोंदविले.

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने 1857 मध्ये ज्याचा विचार सुरू केला आणि जो 1928 मध्ये पूर्ण झाला, त्या ऑक्सफर्ड कोशाने ऐतिहासिक क्रमाचे तत्त्व स्वीकारले. वाचकांनी ग्रंथांतून टिपून पाठविलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या हा त्याचा पाया होता. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सुमारे 60,000 शब्दांची झाली; नुसत्या क्रियापदाचेच सुमारे 430 अर्थ तीत आले. सर्वांत दीर्घ नोंदीचा हा मान पुढे 2000 मध्ये ‘मेक’कडे, 2007 मध्ये ‘पुट’कडे आणि 2011 मध्ये 645 अर्थांच्या ‘रन’कडे गेला. यावरून ‘रन’ने ‘सेट’ला भाषेत मागे टाकले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तिसऱ्या आवृत्तीचे संशोधन ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाले होते. ‘मेक’, ‘पुट’, ‘रन’ हा क्रम मुख्यतः संपादनाच्या वाटचालीचा आहे. अर्थांची संख्या क्रियापदाविषयी जेवढे सांगते, तेवढेच ती कोशकाराच्या पद्धतीविषयीही सांगते.

मिशेल ब्रेआल याने 1897 च्या अर्थविचारविषयक ग्रंथात अनेकार्थतेला स्वतंत्र संज्ञा देऊन तिची मीमांसा केली. पण प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. अनेक अर्थांचा शब्द एकच मानावा की अर्थागणिक शब्द वेगळा मानावा, हे दोन्ही पक्ष भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त विचारात घेतले आहेत, अर्थनिश्चितीसाठी प्रकरण, साहचर्य आदी गमकेही त्याने दिली आहेत. समीक्षेत विल्यम एम्पसनने 1951 मध्ये हाच प्रश्न वेगळ्या अंगाने मांडला. कोश अर्थांना क्रमांक देऊन अलग करतो. साहित्यकृतीत मात्र ते एकमेकांत मिसळून, परस्परांविषयी काही विधान करीत वावरतात, हे त्याच्या विवेचनाचे सार होय.

मराठीतील ‘लावणे’ या क्रियापदाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक उलगडतो. ‘लावणे’ हेही ‘लागणे’चे प्रयोजक रूप. सापळा, घड्याळ, आग, दही, चाल या साऱ्यांना इंग्रजीत ‘सेट’ चालते, तसे मराठीत ‘लावणे’ चालते. परंतु हाड आणि खडा मराठीत ‘बसवावा’ लागतो, प्रश्नपत्रिका ‘काढावी’ लागते आणि सूर्य ‘मावळतो’. उलट दिवा, दार आणि झाड मराठीत ‘लावतात’. तेथे ‘सेट’ सहसा येत नाही. मराठी भाषकाला इंग्रजी क्रियापदात जे चार अर्थ दिसतात, ते इंग्रजी भाषकाला चार वाटतीलच असे नाही; ‘लावणे’विषयी इंग्रजी भाषकाचीही स्थिती याहून निराळी नाही. अर्थांच्या सीमा दुसऱ्या भाषेच्या उजेडातच ठळक होतात.

म्हणून जुनी संहिता वाचताना कोशातील क्रमांकित अर्थ हा अंतिम निवाडा मानणे समीक्षेला परवडणारे नाही. तो क्रमांकही कोणा वाचकाच्या निवडीतून आणि कोणा संपादकाच्या विभागणीतून सिद्ध झालेला असतो. कोश पुरावा पुरवितो. त्या ठिकाणी, त्या वाक्यात अर्थ लावण्याचे दायित्व वाचकाकडेच राहते.