जॉबरची जागा

मनुष्यबळ व्यवस्थापनाची पाठ्यपुस्तके बहुधा अमेरिकेतल्या कारखान्यांपासून सुरुवात करतात. मला मात्र आपल्याकडे हा विषय मुंबईच्या गिरणगावात, जॉबरपाशी सुरू झालेला दिसतो. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत त्यालाच सरदार म्हणत, अन्यत्र मिस्त्री किंवा मुकादम.

जॉबर माणसे भरती करी, त्यांच्या कामावर देखरेख ठेवी, रजा देई आणि काढूनही टाकी. नोकरी लावून देण्याबद्दल तो दस्तुरी घेई. मालकाला हे सोयीचे होते. कापडाची मागणी वरखाली होई, तशी माणसेही कमीजास्त लागत; सकाळी गिरणीच्या दारात उभे राहणारे बदली कामगार ती गरज भागवीत. कामगारालाही जॉबर टाळता येत नसे. रत्नागिरीहून किंवा घाटावरून आलेल्या माणसाला नोकरी, खोली, उधारी गाववाल्यांच्या ओळखीनेच मिळे.

म्हणजे गिरणीचे भरतीखाते गावकी, जात आणि बाजार मिळून चालवीत होते. त्याची किंमत दलितांनी मोजली. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळेल, या सबबीवर त्यांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला.

शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरती काढून लेबर ऑफिसरकडे सोपवण्याची शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. पुढल्याच वर्षी गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आणली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. या सुधारणांमागे भूतदयेपेक्षा संपांचा धाक अधिक होता, असे मला वाटते. जॉबर कामगारांना काबूत ठेवू शकत नाही, हे दिसल्यावरच मालकांना तो नकोसा झाला.

पण त्याची जागा रिकामी राहिली नाही. आज कारखान्याच्या दाराशी कंत्राटदार उभा आहे. मागणी वाढली की माणसे आणतो, घटली की परत नेतो. जॉबरच्या हाताखालच्या कायम कामगाराचे नाव निदान गिरणीच्या हजेरीपटावर असे. कंत्राटी कामगाराचे तेवढेही नसते.