हेडचे नट आणि मिस्त्रीचा हात

हिंगोली जिल्ह्यांतील कुरुंदा या गांवाचें नांव मराठी वाचकांस नरहर कुरुंदकरांच्या आडनांवामुळें परिचित आहे. कुरुंदकरांचा जन्म १९३२ सालचा. त्याच वर्षीं जून महिन्यांत निजामाच्या रेल्वेखात्यानें २७ आल्बियन बसगाड्या घेऊन सार्वजनिक मोटारवाहतूक सुरू केली, व पुढें ती मराठवाड्यांतही पसरली. त्या गाड्यांची संख्या व त्यांचा स्कॉटिश कारखाना इतिहासांत नमूद आहे. त्या रोज चालत्या ठेवणाऱ्या हातांची नोंद मात्र क्वचितच आढळते. त्या हातांच्या एका लहानशा कामाकडे येथें वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

आरंभींच्या अनेक मोटारींत सिलिंडर व त्याचें डोकें एकाच ओतकामांत असे. १९०८ सालच्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत चारही सिलिंडर एका ठोकळ्यांत ओतून वरचें हेड निराळें, बोल्टांनीं बसविलेलें ठेवलें. त्यामुळें आंतील काजळी खरवडणें सोपें झालें. पण एक नवा सांधाही जन्मास आला. या सांध्याच्या एका बाजूस स्फोटाची आग, तर दुसऱ्या बाजूस थंडाव्याचें पाणी. दोहोंमध्यें तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस घालून केलेली पातळ गॅस्केट, एवढाच काय तो आडपडदा!

ही गॅस्केट नवी असतांना किंचित् फुगीर असते. इंजिन प्रथम तापलें म्हणजे ती दबते, आणि ती दबली कीं नटांचा ताण आपोआप उतरतो. म्हणून हेड एकदां आवळून भागत नाहीं. मधल्या नटापासून आरंभ करून आळीपाळीनें कडांकडे जावें, सगळा जोर दोन-तीन टप्प्यांत द्यावा, इंजिन चालवून तापवावें, आणि मग पुन्हां आवळावें, असा क्रम आहे. बिडाचीं कांहीं हेडें गरम असतांनाच आवळण्यास निर्माते सांगत. ॲल्युमिनियमचें हेड मात्र पोलादी बोल्टांहून अधिक प्रसरण पावत असल्यामुळें थंड झाल्यावरच आवळावें लागतें. हा क्रम चुकला तर पाणी बाहेर पाझरतें किंवा सिलिंडरांत शिरतें. मग रेडिएटरांत बुडबुडे येतात, धूर पांढरा होतो, तेल दुधाळ दिसूं लागतें.

किती आवळावें, हें मोजण्याचें साधन पुष्कळ उशिरा आलें. शिकागोच्या जॉन शार्पनें १९३१ सालीं त्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. १९३५ सालीं जॉर्ज प्फेफर्ले याच्यासह सुधारलेल्या टॉर्क-पान्याचें पेटंट घेणारा कॉनराड बार हा न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यांतील माणूस. नळांच्या सांध्यांवरील बोल्ट कुठें सैल तर कुठें घट्ट, यानें तो त्रासला होता. म्हणजे गळतीनेंच हें मोजमाप शिकविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमच्या आजोबांची जुनी मोटार एकदां शहरांतून नवी गॅस्केट घालून आणली होती. कुरुंद्याच्या वाटेवर तिचें पाणी हेडच्या कडेनें झिरपूं लागलें. गांवच्या वृद्ध मिस्त्रीनें बोनेट उघडून एकच प्रश्न केला, “मालक, हेड दुसऱ्यांदा आवळलं होतं का?” आवळलें नव्हतें. त्यानें संध्याकाळपर्यंत इंजिन निवूं दिलें, मग मधल्या नटापासून हात लावला. पाणी आंत गेलेलें नव्हतें, म्हणून गाडी वांचली. त्याच्यापाशीं टॉर्क-पाना नव्हता. तो असता तर काम अधिक बिनचूक झालें असतें, यांत संशय नाहीं. पण दुसऱ्यांदा आवळण्याची वेळ आली आहे हें पाना सांगत नाहीं, तें माणसालाच ठाऊक असावें लागतें.

या विद्येची किंमत त्या माणसांनीं छातीनें मोजली. चिकटलेली जुनी गॅस्केट खरवडतांना उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक असते, हें आज सर्वमान्य आहे. जुन्या गाडीचा शौक करणाऱ्यानें ती कोरडी खरवडूं नये, व मिस्त्रीसही खरवडूं देऊं नये. आपण पदवीधरांनीं यंत्रांचे इतिहास लिहितांना मालक व निर्माते यांचीं नांवें घेतलीं. दुसऱ्यांदा आवळणारा मिस्त्री तेवढा राहून गेला. त्या संध्याकाळीं आम्ही त्याला पैसे दिले, पण त्याचें नांव विचारावयाचें कोणास सुचलें नाहीं!