एक घोडा, दोन प्यादी

सध्याचा मुक्काम चंदीगड. रविवारी सकाळी सुखना तलावावर फेरी मारून आलो की एका निवृत्त सुभेदार मेजरसाहेबांच्या अंगणात, कोवळ्या उन्हात, बुद्धिबळाचा पट मांडला जातो. मागच्या रविवारी मी त्यांच्यावर माझा खडकवासल्यापासूनचा ठेवणीतला डाव टाकला. त्यांनी पेट्रॉफ बचाव मांडला आणि चौथ्या चालीला माझ्या घोड्याने त्यांच्या राजाशेजारचे प्यादे मारले. राजाने घोडा घेतला. हिशेब असा : माझा एक घोडा गेला, त्यांची दोन प्यादी गेली. पण त्यांचा राजा उघड्यावर आला आणि किल्लेकोट कायमचा बुडाला.

प्रबोधिनीत या डावाने मी कितीतरी मित्रांना गारद केले होते. सुभेदार मेजरसाहेब मात्र डगमगले नाहीत. राजा हळूहळू आडोशाला नेला, एकेक मोहरे बाहेर काढले. तासाभरात माझा हल्ला ओसरला होता आणि घोडा तर आधीच गेलेला. हसून म्हणाले, "साब, दुश्मन घबरा जाएगा, यही मानके चले थे ना?"

गँबिट हा शब्द इटालियन, मूळ अर्थ पायात पाय घालून पाडणे. स्पेनचा पाद्री रुय लोपेझ याने १५६१च्या आपल्या पुस्तकात तो बुद्धिबळात आणला. आपल्या तालमीतली टांगच ही. बसली तर समोरचा आडवा, हुकली तर आपण.

माझ्या डावाचे नाव कॉक्रेन गँबिट. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करायचा. १८४८मध्ये त्याने हा डाव महेशचंद्र बॅनर्जींवर टाकला. महेशचंद्र कलकत्त्याबाहेरच्या गावातले, देशी पद्धतीने खेळणारे. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते आणि युरोपीय किल्लेकोट नसतो. नव्या नियमांत मुरायला त्यांना वेळ लागला. कॉक्रेनशी ते अनेक डाव हरले, पण पुन्हा पुन्हा पटावर बसत राहिले.

१८५५च्या एका डावात महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी घोडा पुढे काढला, राजाच्या बाजूचे प्यादे एक घर सरकवून उंटाला बाजूने वाट दिली आणि मग मध्यावर वजिरापुढच्या प्याद्याने धडक दिली. तो डावही ते हरले. पुन्हा घोड्याने तेच प्यादे मारून कॉक्रेनने मात केली. पण चूक मधल्या चालींत होती, सुरुवातीत नव्हती. तीच सुरुवात १९२२मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने अलेखाइनविरुद्ध खेळली. आज जगज्जेते ती खेळतात आणि नाव आहे ग्रुनफेल्ड बचाव.

म्हणजे पाहा, कच्च्या डावावर जिंकणाऱ्याचे नाव कोरले गेले आणि पक्क्या डावावर ६७ वर्षांनी आलेल्या परदेशी माणसाचे. महेशचंद्रांच्या वाट्याला 'इंडियन बचाव' या सरसकट नावातला एक तुकडा आला.

कॉक्रेनचा डाव अगदीच टाकाऊ नाही. १९९९मध्ये लिनारेसला टोपालोव्हने तो क्रामनिकवर टाकला आणि बरोबरी साधली. पण टोपालोव्हला प्रत्येक शाखेचा शेवट ठाऊक होता. आपण क्लबातले खेळाडू समोरच्याच्या अज्ञानावर पैज लावतो. तो चुकला की त्याला आपण स्वतःची हुशारी समजतो. मी वीस वर्षे तेच केले.

सँड मॉडेलभोवती उभे राहून तरुण अधिकारी योजना मांडतात तेव्हा आता मी एकच प्रश्न विचारतो : शत्रू घाबरला नाही तर? बहुतेकांकडे उत्तर नसते. माझ्याकडेही त्या वयात नव्हते. पटावर मेलेला घोडा पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. कंपनीतला जवान राहत नाही.

येत्या रविवारी काळी मोहरी माझ्याकडे आहेत. महेशचंद्रांचा बचाव खेळून पाहणार आहे. हरलो तरी नाव त्यांचेच घेईन.