हरणाऱ्या संघाची साठ वर्षे

इतिहासाच्या व्याख्यानाला राजे, लढाया आणि तहनामे लागतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांनी एकही लढाई जिंकलेली नाही. किंबहुना ते स्वतः कधी मैदानात उतरलेही नाहीत. सकाळी नागपूरचे वर्तमानपत्र हाती आले की खेळाचे पान आधी उलटून त्यातील तळाची चार ओळींची बातमी शोधणारी ही माणसे. विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकासाठी खेळू लागला १९५७-५८ च्या हंगामात. आणि त्याने तो करंडक पहिल्यांदा जिंकला १ जानेवारी २०१८ रोजी. मधल्या साठ वर्षांत हा संघ कधी हरला, कधी सामना अनिर्णित राखून परतला, क्वचित जिंकला; उपांत्य फेरीचे तोंड मात्र त्याने एकदाही पाहिले नाही. तरी ती चार ओळींची बातमी वाचणारे होते. ते का होते, एवढाच माझा प्रश्न.

प्रारंभी नावाचा इतिहास पाहू, कारण माझ्या मते या भक्तीचे मूळ नावात आहे. तीसच्या दशकात आपल्याकडचा संघ ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाने रणजी सामने खेळे. पुढे तो ‘मध्यप्रदेश’ झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. राजकारणाच्या नकाशात विदर्भ अशा रीतीने मोठ्या घरात विलीन झाला. परंतु क्रिकेटच्या नकाशात मात्र नेमके उलट घडले. तेथे मुंबई वेगळी राहिली, महाराष्ट्र वेगळा राहिला आणि विदर्भ या नावाचा तिसरा संघ उभा झाला. वेगळ्या राज्याच्या मागणीविषयी तुमचे माझे मत काहीही असो. ज्या नावाला विधानसभा नव्हती त्या नावाला अकरा खेळाडूंचा संघ होता, आणि मुंबईच्या नावासोबत ते एकाच तक्त्यात छापून येत होते. तक्त्याच्या तळाशी का होईना, छापून येत होते. परतवाड्यासारख्या गावाला, जे मुळात एलिचपूरच्या लष्करी छावणीचे गाव, आणि ज्याचे स्वतःचे नावही कित्येक वर्षे ‘कॅम्प’ या शब्दाआड राहिले, त्या गावाला याचे मोल वाटावे यात नवल नाही.

आता संघ हरत का होता? खेळाडूंत गुण नव्हता, असे म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही. नागपूरने तर देशाला पहिला कसोटी कर्णधार दिला. सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ सालचा, नागपूरचा. १९३२ साली लॉर्ड्‌सवर भारताचे नेतृत्व त्यांनी केले. पण त्यांच्या उमेदीची रणजी वर्षे इंदूरला होळकरांच्या संघात गेली, आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला. आश्रय जिथे तिथे गुणी माणूस जाणार, हा आपल्या इतिहासातला जुनाच नियम आहे. विदर्भाच्या संघापाशी ना राजा होता, ना मुंबईसारख्या गिरण्या, पेढ्या आणि क्लब.

त्यात गटाची रचना. संघ मध्य विभागात घातला गेला. तेथे त्याच्या वाट्याला राजस्थान आला. आणि साठच्या दशकातला राजस्थान म्हणजे सलीम दुराणी आणि हनुमंतसिंह यांचा राजस्थान. त्या राजस्थानने १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम फेरी गाठली, आणि आठही वेळा तो हरला. मुंबईने १९५८-५९ पासून लागोपाठ पंधरा वर्षे करंडक कोणाला हात लावू दिला नव्हता. म्हणजे विदर्भ ज्याच्याकडून हरत होता, तोसुद्धा शेवटी हरतच होता! या उतरंडीच्या तळाशी बसलेल्या प्रेक्षकाने काय करावे?

त्याने स्वतःचे वेगळे गणित बसविले. त्या काळी गटातले सामने तीन दिवसांचे असत, आणि सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला अधिक गुण मिळत. सबब विजय ही फार लांबची गोष्ट. डावाचा पराभव टळला का, समोरच्याची आघाडी किती धावांवर रोखली, अखेरची जोडी किती वेळ टिकली, यावर पानठेल्यावर चर्चा चालायची. मोठ्या संघाच्या चाहत्याला करंडकाखेरीज काही दिसत नाही. हरणाऱ्या संघाचा चाहता खेळाचे बारकावे शिकतो, कारण आनंदासाठी त्याला दुसरे काही दिलेलेच नसते.

सामना प्रत्यक्ष पाहावा म्हटले तर परतवाड्याहून अमरावती पन्नास किलोमीटर, तेथून नागपूर आणखी दीडशे. पहाटेची एस. टी. धरली तरी उपाहारापर्यंतचा खेळ चुकायचाच. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरविले, हा त्या सामन्याचा नोंदलेला इतिहास. न नोंदलेला भाग असा की, मैदान आमचे, मांडव आमचा, टाळ्या आमच्या. पण भारताच्या अकरांत विदर्भाचा गडी एकही नव्हता. तो यायला आणखी बेचाळीस वर्षे लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये उमेश यादव दिल्लीला कसोटी खेळला, तेव्हा कुठे विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. आणि तो होता खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा.

अमेरिकेत क्रिकेटच्या जागी बेसबॉल आहे. तेथील शिकागो शहराच्या ‘कब्ज’ या संघाने १९०८ साली अजिंक्यपद मिळविले, ते पुन्हा मिळायला २०१६ साल उजाडले. एकशे आठ वर्षे! आजोबांनी नातवाला हरणारा संघ वारसा म्हणून द्यावा, असे तेथे घडले. पण एक भेद आहे. त्यांच्यापाशी निदान १९०८ ची आठवण होती. विदर्भाच्या चाहत्यापाशी आठवणसुद्धा नव्हती.

पुढील काळाविषयी थोडक्यात सांगतो. २००८ साली जामठ्याला नवे मैदान तयार झाले, क्रिकेट संघटनेपाशी पैसा आला, मुलांच्या शिक्षणासाठी अकादमी निघाली, आणि बाहेरचे अनुभवी खेळाडू मानधनावर येऊ लागले. तमिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्नाटकाचा गणेश सतीश आला, मुंबईचा वसीम जाफर आला. येथे आमच्या चाहत्यांत दोन तट पडले. उसने गडी आणून जिंकले तर ते जिंकणे कोणाचे, असे एक तट विचारी. मला स्वतःला हा आक्षेप काही वर्षे पटत होता. नंतर वाटले की नायडूंना इंदूरला पाठविताना आपण तो घेतला नव्हता. जाफर तर २०१७-१८ चा हंगाम मानधन न घेता खेळला.

तो हंगाम मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार आपला फैज फजल. सुरतेला केरळला ४१२ धावांनी हरवून संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. कोलकात्याला कर्नाटकापुढे विजयासाठी १९८ धावा होत्या; ते १९२ वर संपले. पाच धावांनी विजय! रजनीश गुरबानी या अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणाने दुसऱ्या डावात सात बळी घेतले. आणि अंतिम सामना कोठे? इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर. नायडूंचे ऋण इतिहासाने त्याच गावी फेडून घ्यावे, हा योग मला लेखणीने जुळविता आला नसता. गुरबानीने दिल्लीविरुद्ध लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडविले. तिसरा त्रिफळा १४५ धावा काढलेल्या ध्रुव शोरेचा. अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या, विदर्भाचा डाव ५४७ वर पोचला, आणि शेवटी २९ धावांचे किरकोळ काम उरले, ते जाफरने चौकारांनी उरकले. त्या संघात अकोल्याचा आदित्य ठाकरे हा एकोणीस वर्षांचा पोट्टा पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना खेळत होता. ज्या फेरीची वऱ्हाडाने साठ वर्षे वाट पाहिली, तेथे त्याने पदार्पण केले!

पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रला ७८ धावांनी नमवून करंडक राखला. नागपूरच्या आदित्य सरवटेने त्या सामन्यात अकरा बळी घेतले, आणि पुजारासारख्या फलंदाजाला दोन डावांत मिळून एक धाव करू दिली. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर मुंबईकडून आपण हरलो. पण ५३८ धावांचा पाठलाग करताना ३६८ पर्यंत गेलो. जुन्या चाहत्यांना तो पराभव ओळखीचा वाटला आणि, खरे सांगायचे तर, थोडा सुखाचाही.

मग २०२५ चा अंतिम सामना, जामठ्याला, केरळविरुद्ध. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. ज्याचा त्रिफळा उडाला तेव्हा आपण इंदूरकडे तोंड करून नाचलो होतो, तो ध्रुव शोरे आता विदर्भाची टोपी घालून खेळत होता. आणि केरळकडून मैदानात उतरला तो आदित्य सरवटे. त्याने ७९ धावा केल्या. विदर्भाच्या ३७९ च्या जवळ केरळ सरकत होता. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक ठरणार होता, म्हणजे पानठेल्यावरचे ते जुने गणित पुन्हा पुढे आले होते. सरवटेच्या प्रत्येक चौकाराला माझ्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ टाळी वाजवीत होते. मी त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, “आपलाच पोट्टा होय ना बाप्पा तो. फक्त आता आउट व्हायला पायजे.”

तो बाद झाला. केरळचा डाव ३४२ वर संपला, आणि सदतीस धावांची आघाडी आपल्याला पुरली.