लोकनृत्याचा कर्ता कोण?

खानदेशातल्या नव्या नृत्यरचनेचा इतिहास शोधायचा, तर विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवाकडे पाहावं लागतं. 15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं, जळगाव-धुळ्याची महाविद्यालयं पुणे विद्यापीठातून वेगळी झाली आणि इथल्या पोरांना आपल्याच मुलखात मंच मिळाला. आंतरविद्यापीठ महोत्सवांची परंपरा 1954 सालची, दिल्लीची. या महोत्सवांच्या नियमाप्रमाणे लोकनृत्याला जास्तीत जास्त दहा नर्तक आणि दहा मिनिटं. माझ्या मते इथला नृत्यरचनाकार याच मर्यादेने घडवला.

साक्रीकडच्या पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचं व्रत चालतं. भोपळ्याची पावरी वाजत राहते आणि व्रतकरी रिंगण धरून रात्र रात्र नाचतात. तोंडं आत, पाठी बाहेर. प्रेक्षकाची तिथे गरजच नाही. हे मंचावर आणायचं तर रिंगण फोडावं लागतं, कुठला ठेका ठेवायचा नि कुठे थांबायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. ही सरळसरळ नवी रचनाच झाली. यात मूळ बिघडतं, हा आक्षेप निम्मा खरा आहे, कारण श्रद्धा पाड्यावरच राहते. पण पाड्यावरचा नाच मंचाने हिरावलेला नाही. शिवाय खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत पावलं बदलत गेली, तेव्हा कुणी शुद्धतेचा हट्ट धरल्याचं दिसत नाही! खरी अडचण दुसरीच: 'लोकनृत्य' हा शिक्का बसला, की रचनाकाराचं नाव विचारायचं कुणाला सुचतच नाही.