अन्ननलिकेचें आकुंचन

घास घशाखालीं उतरणें ही क्रिया इतकी सहज आहे कीं, ती अडेपर्यंत तिची आठवण कोणास होत नाहीं. अन्ननलिकेचें आंतील अस्तर आम्लानें वा क्षारानें भाजलें, म्हणजे व्रण भरतांना तेथें कठीण तंतु येतात व आखडूं लागतात. हा कर्करोग नव्हे. पण वाट अरुंद होते. ती रुंद करावी, तों कांहीं आठवड्यांनीं पुनः मिटूं लागते. ह्या मिटणाऱ्या वाटेशीं वैद्यांनीं कसा झगडा केला, तें आज सांगावयाचें आहे.

१६७४ सालीं थॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्यानें एक हकीकत छापली. त्याच्या एका रोग्याचें अन्न पोटांत उतरत नसे. विलिसनें देवमाशाच्या जबड्यांतील लवचिक पट्टीची कांडी करून टोंकास स्पंजाचा गोळा बसविला. तो मनुष्य जेवतांना ही कांडी स्वतःच घशांत घालून अन्न खालीं लोटी, आणि असें त्यानें सुमारें १५ वर्षें केलें! त्या विकारास आज निराळें नांव आहे. कल्पना मात्र टिकली.

पुढें अशा कामीं मेणाच्या शलाका आल्या. त्यांना ‘बूजी’ म्हणत. फ्रेंच भाषेंत ह्याचा अर्थ मेणबत्ती, आणि अल्जीरियांतील बूजी बंदरांतून मेण येई म्हणून हें नांव पडलें. (व्युत्पत्ति सांगण्याची मास्तरकीची खोड जात नाहीं.) हें सर्व काम आंधळेपणानें चाले. १८६८ च्या सुमारास कुसमाउल ह्या जर्मन डॉक्टरानें तलवार गिळणाऱ्या एका खेळ्याच्या घशांत सरळ नळी घातली, तेव्हां कोठें आंत पाहण्याची वाट सांपडली.

परंतु ह्या इतिहासांतील थोर पुरुष, माझ्या मतें, अमेरिकेंतील चेव्हलियर जॅक्सन (१८६५–१९५८) हा होय. त्या काळीं तेथील घरांतून साबण करण्यासाठीं व मोऱ्या साफ करण्यासाठीं कॉस्टिक सोडा असे. दिसावयास साखरेसारखा, मुलें तोंडांत टाकीत, आणि अन्ननलिका भाजून निघे. एका सात वर्षांच्या मुलीस पाण्याचा थेंबहि उतरेना. जॅक्सननें नळीवाटें आंत अडकलेला करडा बोळा काढला. मग तिला पाण्याचा पेला दिला. भीत भीत एक घोट घेतला, तो उतरला, मग दुसरा. तेव्हां तिनें त्याच्या हाताचें चुंबन घेतलें. हें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे.

अशा मुलांच्या बाबतींत घाई उपयोगाची नव्हती. जोर केल्यास नळी फाटे. १९२४ सालीं फिलाडेल्फियाच्या गेब्रिएल टकरनें युक्ति प्रसिद्ध केली: तोंडानें गिळलेला दोरा जठरास पाडलेल्या छिद्रांतून बाहेर काढावा, आणि शलाका त्यास बांधून खालून वर ओढावी.

जॅक्सन शलाकांवरच थांबला नाहीं. सोड्याच्या डब्यावर ‘विष’ हा शब्द छापलाच पाहिजे, असा त्यानें आग्रह धरला, व १९२७ सालीं अमेरिकेंत तसा कायदा झाला. त्याच्या साऱ्या हस्तकौशल्याहून मला हें काम मोठें वाटतें.

आज बहुधा जठरांतील आम्ल वर चढून नळी आखडते. आम्ल रोखणारीं प्रभावी औषधें १९८९ च्या सुमारास वापरांत आलीं, आणि अशा आकुंचनाचें पुनः मिटण्याचें प्रमाण घटलें. तारेवरून सरकणाऱ्या शलाका व फुगविण्याचा फुगा हीं आजचीं साधनें. दोहोंचें फळ जवळपास सारखें. १४ मिलिमीटर रुंदी मिळूनहि ती चार आठवडे टिकली नाहीं, तर आकुंचन पुनरावर्ती समजतात. मग व्रणांत स्टेरॉइडची सुई, तंतूंस छेद, किंवा कांहीं आठवडे ठेवावयाची जाळीची नळी. ही नळी मात्र जागेवरून सरकते. त्यानेंहि न भागल्यास निवडक रोग्यांस घरीं स्वतःच्या हातानें शलाका घालावयास शिकवितात, विलिसच्या रोग्यासारखेंच.